ॲडमिनचे दायित्व

अल्प सत्तेबरोबर दायित्वही अल्पच येते, की सत्ता कितीही अल्प असली तरी तिच्यापुरते दायित्व पूर्णांशाने येते, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. आमच्या बीड जिल्ह्यात तो आज अगदी साध्या वेषाने घरोघरी येऊन बसला आहे. गावाचा, भावकीचा किंवा शाळासोबत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप नाही असे घर विरळाच. आणि ग्रुप म्हटला की त्यास ॲडमिन हा असावयाचाच. त्यास ना वेतन, ना वतन. बहुधा ज्याने प्रथम ग्रुप काढला तोच त्या पदी आरूढ होतो, आणि पुढे कोणी वावगे लिहिले म्हणजे सारी मंडळी त्याच्याकडे बोट दाखवितात.

हे बोट दाखविणे कायद्यास कितपत मान्य आहे, याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1 मार्च 2021 रोजी दिला. गोंदिया जिल्ह्यातील एका ग्रुपवर एका सभासदाने एका स्त्रीसभासदाविषयी अश्लाघ्य मजकूर लिहिला. ॲडमिनने त्यास काढले नाही, क्षमाही मागावयास लावली नाही, म्हणून 2016 साली ॲडमिनवरही गुन्हा नोंदविला गेला होता. न्यायालयाने तो रद्द केला. सभासद घ्यावा अथवा काढावा एवढाच ॲडमिनचा अधिकार; मजकूर प्रकट होण्यापूर्वी तो तपासण्याचे सामर्थ्य त्यास नाही; तेव्हा दोघांचा समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज एकाच्या लेखणीचा अपराध दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही, असा त्याचा आशय. मला तो सर्वथा न्याय्य वाटतो. जुन्या काळी दख्खनेत गावात चोरी होऊन चोर सापडला नाही तर रखवालदारास भरपाई करावी लागे, हे खरे. पण त्या रखवालदारास गावाकडून हक्कही मिळत. आमच्या ॲडमिनच्या पदरात पडतात त्या सकाळच्या फुलांच्या चित्रांच्या राशी!

परंतु न्यायालयात निर्दोष ठरणे निराळे आणि आपल्या मनाशी निर्दोष ठरणे निराळे. शिवाय 2022 साली व्हॉट्सॲपने ॲडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसून टाकण्याची मुभा दिली. न्यायालय बोलले होते ते मजकूर प्रकट होण्यापूर्वीच्या सामर्थ्याविषयी. ही मुभा प्रकट झाल्यानंतरची आहे. म्हणून कायदा जागचा हलत नाही. पण नीतीच्या दृष्टीने स्थिती पालटली. ज्यास पुसता येत नाही त्याचे मौन ही असहायता होय. ज्यास पुसता येते, त्याने वाचून पाळलेले मौन ही कृतीच म्हटली पाहिजे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. तशा अफवा त्या वेळी मोबाइलवरून गावोगाव हिंडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे धाडण्याची मर्यादा घातली. यंत्रावर मर्यादा घालणे सोपे, पण अफवा वाचून “हे कोठून कळले?” एवढे विचारणारा माणूस यंत्रात बसविता येत नाही.

असा माणूस नसला म्हणजे मोठी सत्ता येते आणि ती निवड करीत बसत नाही. 30 ऑक्टोबर 2023 रोजी माजलगाव व बीड येथे जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि जिल्ह्यातील इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. त्या प्रकरणाच्या कारणमीमांसेत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्या दिवसांत अफवा पसरविणारा आणि परगावच्या मुलाची खुशाली विचारणारी आई, दोघेही सारखेच मुके झाले.

एवढ्यावरून ॲडमिनने सदैव हाती खोडरबर घेऊन बसावे असे मात्र मी म्हणणार नाही. उलट मला भय वाटते ते याचेच. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी सुगीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. फडात राहणाऱ्या त्या माणसाला गावची बातमी, मयत, लग्न, ग्रामसभा हे सारे ग्रुपवरूनच कळते. सरपंचाला त्याने एखादा टोचणारा प्रश्न विचारला आणि ॲडमिनने त्यास काढून टाकले, तर एका बोटाच्या स्पर्शाने तो गावाबाहेर झाला. पूर्वी माणसास वाळीत टाकण्यासाठी निदान पंच जमवावे लागत, आणि त्याचे म्हणणे, वरवर का होईना, ऐकावे लागे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 साली कायदा केला. पण या बहिष्काराला तर कोणी बहिष्कारही म्हणत नाही.

येथे दुसऱ्या एका उदाहरणाकडे पाहावे. 1 मे 2003 रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. तेथील ॲडमिनला ‘प्रचालक’ असे नाव आहे. पान वगळणे, ते सुरक्षित करणे, एखाद्या सदस्यास लिहिण्यास बंदी करणे, असे त्याचे अधिकार पुष्कळच मोठे. आणि वेतन त्यासही नाही. परंतु प्रचालक होण्यासाठी इतर सदस्यांचा कौल लागतो, आणि त्याने केलेल्या प्रत्येक कारवाईची नोंद कोणासही पाहता येते. तेथे भांडणे होत नाहीत असे नव्हे, चांगली कडाक्याची होतात. पण भांडावयास पुरावा असतो. व्हॉट्सॲपवरही संदेश पुसला तर पुसणाऱ्या ॲडमिनचे नाव तेथे उमटते. कारण मात्र उमटत नाही. ते कारण दोन ओळींत लिहून ठेवण्यास त्यास कोणी मनाई केलेली नाही. फडातल्या त्या माणसाला निदान तेवढे वाचावयास मिळाले, तर वैशाखात गावी परतल्यावर पारावर बसून त्यास त्याचा जाब विचारता येईल.