देवापाशीं केलेलें गाऱ्हाणें

ख्रिस्ती कुटुंबांत कोणी वारलें म्हणजे समाचाराला येणारीं माणसें बहुधा एकच उपदेश करितात: रडूं नका, विश्वास धरा, देवाची इच्छा. हेतु चांगला असतो; परंतु त्यांतून नकळत असा एक समज रूढ होतो कीं, ज्याचें मन खचलें त्याची श्रद्धा उणी. हा समज पवित्र शास्त्राला मान्य आहे काय, एवढाच प्रश्न येथें विचारावयाचा आहे.

स्तोत्रसंहितेंत एकंदर १५० स्तोत्रें आहेत, व त्यांपैकीं सुमारें तृतीयांश विलापाचीं आहेत. उपासनेंत मात्र मेंढपाळाचें २३ वें स्तोत्र जितक्या वेळां कानांवर पडतें, तितक्या वेळां ८८ वें पडत नाहीं. बहुतेक विलापस्तोत्रें अखेरीस स्तुतीकडे वळतात. हें वळत नाहीं. कवि रात्रंदिवस हांका मारितो, आप्तमित्र दुरावले याचा दोष देवालाच देतो, आणि मूळ हिब्रूंत अंधार या अर्थाच्या शब्दावर थांबतो. शेवटीं आशेची एक ओळ जोडणें संग्राहकांना कठीण नव्हतें. त्यांनीं ती जोडली नाहीं. माझ्या शोकाच्या वर्षांत सांत्वनाचीं वचनें डोळ्यांपुढून नुसतीं निघून जात. या स्तोत्रानें माझें दुःख हलकें केलें असें मी म्हणणार नाहीं. पण प्रार्थनेला बसण्यापूर्वीं मन सावरलेंच पाहिजे, ही मीच स्वतःला घातलेली अट गळून पडली.

ईयोबाच्या ग्रंथांत तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले. तोंवर ते खरे मित्र होते! तोंड उघडल्यावर ते देवाविषयीं पुष्कळ बोलले, व त्यांतील बरेंचसें सुभाषितांसारखें निर्दोष आहे. परंतु देवाशीं ते एकदांही बोलले नाहींत. ईयोब बोलला, व तोही भीड न ठेवितां. अखेर देवाचा रोष झाला तो मित्रांवर. विठ्ठलाशीं भांडणारे नामदेव-तुकाराम ज्याच्या कानीं लहानपणापासून आहेत, त्या मराठी वाचकाला यांत नवल वाटूं नये.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. गाऱ्हाण्याचीही गोडी लागते, आणि दुःख कुरवाळीत बसणाराला शास्त्राचा आधार मिळाला तर तो उठणारच नाहीं. येथें मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आईबाप व बहीण गेलीं. १८८० सालीं भाऊ गेला, १८८२ सालीं पति गेले, आणि १९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमा गेली. केडगांवच्या मुक्ति मिशनांत राहून, हिब्रू व ग्रीक शिकून, खेड्यांतील बायांना कळेल अशा मराठींत संपूर्ण बायबल आणण्याचें काम त्यांनीं आयुष्याच्या अखेरीपर्यंत चालविलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या. विलापाचीं हीं सारीं स्तोत्रें त्यांच्या हातांखालून शब्दशः गेलीं. त्या वेळीं त्यांच्या मनांत काय आलें असेल, याचा तर्क करण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु ८८ व्या स्तोत्राचा तो शेवटचा शब्द मराठींत उतरवून त्यांना ८९ वें हातीं घ्यावें लागलें, एवढें निश्चित.