रिपोर्टापेक्षा उंची बघ

चि. सौ. मेधास,


तुझ्या चिन्मयच्या आतड्याच्या बायोप्सीचा रिपोर्ट मिळाला आणि खाली तुझा प्रश्नही: ‘मामा, केआय-६७ वाढलंय, म्हणजे कॅन्सर का?’

नाही गं. इंटरनेटवर हे नाव गाठींसोबत येतं म्हणून तू धसकलीस. जर्मनीतल्या कील शहरातल्या संशोधकांनी १९८३ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. विभाजनाच्या तयारीतल्या कुठल्याही पेशीत, अगदी निरोगी पेशीतही, हे प्रथिन असतं.

आतड्याचं अस्तर मुळात चार-पाच दिवसांत नवं होतं. स्लाइडवर त्यात नळीसारखे बारीक खळगे दिसतात. नव्या पेशी खळग्याच्या तळाशी जन्मतात आणि वर सरकतात. निरोगी पोराच्या स्लाइडवर केआय-६७मुळे तपकिरी रंग घेतलेली केंद्रकं तळाकडेच असतात. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या सुजेच्या आजारांत सूज अस्तर खरवडते, डागडुजीचा वेग वाढतो आणि ते तपकिरी ठिपके वर चढतात. ‘वाढलंय’ ते एवढंच. त्यावरून आजाराचं नावही ठरत नाही. शिवाय आपल्याकडे आतड्याचा टीबी थेट क्रोन्ससारखा दिसतो; तेव्हा स्टिरॉइड सुरू करण्याआधी टीबी नाही याची खात्री केली का, हे डॉक्टरांना बिनदिक्कत विचार.

कॅन्सरची भीती अगदीच खोटी नाही. मोठ्या आतड्याची सूज वर्षानुवर्षं टिकली तर धोका वाढतो, म्हणून साधारण आठ वर्षांनंतर ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करतात. ते पुढचं पुढे.

मला घोर लागलाय तो चिन्मयच्या उंचीचा. दोन वर्षांत पँट आखूड झाली नाही, हे दिवाळीत तूच कौतुकानं सांगत होतीस! सूज वाढीच्या संप्रेरकाचं काम अडवते, पोट दुखतं म्हणून पोर जेवत नाही, वर स्टिरॉइडही वाढ खुंटवतात. वयात येऊन हाडांची टोकं जुळली की राहिलेली उंची परत मिळत नाही. क्रोन्सच निघाला तर सहा ते आठ आठवडे फक्त पोषक द्रवाहार देता येईल का, ते विचार. मुलांमध्ये त्यानं सूज स्टिरॉइडइतकीच उतरते आणि वाढीला आधार मिळतो. घरात फोडणीचा वास सुटला की तो रडेल, तुझाही जीव तुटेल. तरी नेटानं कर.

पुढच्या भेटीला शाळेतल्या उंची-वजनाच्या जुन्या नोंदी घेऊन जा आणि त्या वाढीच्या तक्त्यावर मांडून घेतल्याशिवाय उठू नकोस.

तुझा,
मामा