'इनोव्हेटिव्ह' कोणाचं?

मागच्या अप्रेजलच्या फॉर्ममध्ये मी लिहिलं होतं की मी 'इनोव्हेटिव्ह' आणि 'नॉव्हेल' पद्धतीने सिस्टिममधली रांग सोडवली. रेटिंग चांगलं आलं. हे वाक्य खोटं आहे, हे माझ्याशिवाय फक्त एका माणसाला कळलं असतं आणि त्यांना इंग्रजी येत नाही.

ते म्हणजे माझे मामा. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ते स्लिपबॉय होते. कोणाच्या उसाला कधी तोड द्यायची, हे लागवडीच्या तारखेवरून ठरतं. पण मामा रोज दोन-चार स्लिपा हातात राखून ठेवायचे. तारेच्या ठिणगीने कुठे ऊस जळाला तर तो थांबू शकत नाही, वजन आणि साखर दोन्ही घटत जातात. त्या स्लिपा जळितासाठी. नाही लागल्या तर संध्याकाळी क्रमातल्या पुढच्याला. सर्व्हरवर मी नेमकं हेच केलं. थोडी जागा तातडीच्या विनंत्यांना राखीव, रिकामी राहिली तर बाकीच्यांना. डिझाइन करताना डोळ्यांसमोर मामांची वही होती. (असलं काही पाठ्यपुस्तकातही सापडतं, हे कॉम्प्युटरवाल्यांना सांगायला नको.)

मग तसं का लिहिलं? निम्मा माझा हावरेपणा. निम्मं त्या शब्दांचं वळण. इनोव्हेटिव्ह, डिसरप्टिव्ह, कटिंग एज. हे शब्द कामाचं वर्णन कमी करतात आणि 'माझ्याआधी इथे कोणी नव्हतं' अशी साक्ष जास्त देतात. 'ग्राउंडब्रेकिंग' म्हणजे तर शब्दशः जमीन फोडणं. आमच्याकडे ते दर उन्हाळ्यात होतं, त्याला नांगरट म्हणतात. 'ओरिजिनल'ची गंमत आणखी वेगळी. इंग्रजीत तो शब्द मूळ आणि नवं, दोन्ही सांगतो. आपल्या बाजारात ओरिजिनल चार्जर म्हणजे डुप्लिकेट नसलेला, बस्स. मला हा अर्थ जास्त प्रामाणिक वाटतो.

'नॉव्हेल'चा मूळ अर्थच नवं. इंग्रजीने त्या साहित्यप्रकाराला नवेपणाचं नाव दिलं. मराठीत तो प्रकार आला (बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' 1857 चं) आणि आपण त्याला नाव दिलं कादंबरी, सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथाचं! नव्या गोष्टीला जुन्या पुस्तकाचं नाव द्यायला कोणाला कमीपणा वाटला नाही.

म्हणजे नवं काही नसतंच का? असं मी म्हणत नाही. आमच्याच जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या नेवाशात, 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मराठीत तिच्याइतकं नवं फार थोडं असेल. पण ती आहे गीतेवरची टीका, आणि ज्ञानेश्वर तिचं सगळं श्रेय निवृत्तिनाथांना देतात. मागच्यांचं ऋण मान्य केल्याने तिचं नवेपण कणभरही कमी होत नाही.

कायद्याच्या भाषेत मात्र 'नॉव्हेल' भलताच कोरडा आहे. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यात नवा वाण नॉव्हेल ठरतो तो मुख्यतः विक्रीच्या तारखेवरून. अर्ज करण्याआधी भारतात वर्षभराहून जास्त काळ तो विकला गेलेला नसावा. शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणांना ही अटच नाही. हे मला आवडतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती जुनी देशी बियाणी राखल्याबद्दल. त्यांच्या कामाला आमच्या फॉर्ममधला कुठला शब्द लावणार? 'डिसरप्टिव्ह' तर नाहीच. 'लेगसी' म्हणावं, तर आमच्याकडे ती जवळजवळ शिवी आहे.

यंदाच्या फॉर्ममध्ये मी लिहिलं, 'साखर कारखान्यातल्या स्लिपवाटपाची पद्धत वापरली.' मॅनेजर म्हणाले, "अरे, हे वीक वाटतं. जरा स्ट्राँग शब्द टाक." ते वाईट माणूस नाहीत, मला बढती मिळावी म्हणूनच सांगत होते. आणि घराचा हप्ता मलाही आहे.

त्या रात्री मामांना फोन करून सगळं सांगितलं. मागच्या वर्षीचंही. मामा हसले.

"अरे, पण ती रीत माझी कुठंय? माझ्याआधी जो स्लिपबॉय होता ना, त्याची."

"नाव काय त्यांचं?"

बराच वेळ ते आठवत राहिले. "मामीला विचारून सांगतो," म्हणाले.

फॉर्म ड्राफ्टमध्येच आहे. शुक्रवारी मुदत संपते.