‘हो’ कोण दाबणार?

आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण ‘मूल’ आहे. मुलाची माहिती वापरायची तर कंपनीने आधी आईवडिलांची संमती घ्यायची, आणि संमती देणारं माणूस खरंच मोठं आहे याची खात्रीही करायची. नोव्हेंबर २०२५मध्ये नियम आले. त्यांत ही खात्री डिजीलॉकरसारख्या सोयींतून करता येईल असं म्हटलंय. ऐकायला छान आहे. मी अडते ती ‘संमती’ या शब्दावरच.

माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत आईच्या फोनवरचा ओटीपी नववीतली मुलगी वाचून दाखवते. गॅसचं बुकिंग, लाइटबिल, बँकेचं केवायसी, सगळं तीच करते. आई विचारते, “हो दाबू का गं?” अशा घरात संमतीचा मेसेज आला, की तो वाचणार कोण आणि समजावून सांगणार कोण? नुसता होकार म्हणजे संमती नव्हे. कशाला हो म्हणतोय ते कळायला हवं, नाही म्हणण्याची सोय हवी. आणि आई इंजिनिअर असली तरी रात्री अकराला अल्गोरिदम मुलापुढे काय टाकणार, हे तिला कुठून कळावं?

शिवाय आपण सगळे पालक भलेच असतात असं धरून चालतो. सतरा वर्षांच्या मुलीचं लग्न घरचेच रेटत असतील, तर बाहेर कुणाशी बोलायला तिने त्यांचीच परवानगी आणायची? आरोग्यसेवा आणि शाळांना नियमांत काही सूट आहे, पण मन मोकळं करायला कुणी दवाखाना शोधत नाही.

त्याच कलम ९मध्ये आणखी एक तरतूद आहे. मुलांचा माग काढायचा नाही, वर्तनावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. काही अपवाद सोडले, तर इथे पालकांना विचारायचा प्रश्नच नाही. मला हे पटतं. कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह बसवताना कुणी आईची सही घेत नाही. ब्रिटनने २०२० साली लागू केलेली संहिता याच वाटेने जाते: मुलांच्या खात्यांत लोकेशन मुळातच बंद हवं. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५पासून सोळाखालच्यांना सोशल मीडियावर खातीच बंद केली. दार लावून घेण्याचा तो उपाय मला फारसा रुचत नाही, पण दंड कंपनीला, मुलांना किंवा पालकांना नाही, हे बरं केलं.

चॅटबॉट आले आणि गुंता वाढला. कॅलिफोर्नियाच्या २०२५च्या कायद्यानुसार, सोबत करणाऱ्या चॅटबॉटने अल्पवयीन मुलाला दर तीन तासांनी आठवण करून द्यायची, की मी माणूस नाही, जरा थांब. तीन तास! तेवढ्यात एसटी साताऱ्याहून पुण्याला पोचते.

आपला कायदा तर डेटाबद्दल बोलतो, संभाषणाबद्दल नाही. मुलांच्या हिताला बाधक ठरेल असा डेटाचा वापर नको, इतकं त्यात आहे. रात्री एक वाजता “तुला फक्त मीच समजतो” म्हणणारा चॅटबॉट त्यात बसतो का, हे कधीतरी डेटा संरक्षण मंडळापुढे येईल. पण तक्रार घेऊन जाणार कोण? आईला ते संभाषण दिसत नाही, आणि मुलाला ती मैत्री वाटते.