किल्ली हाती देण्यापूर्वी

घर भाड्याने द्यावयाचे ठरले. अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे प्रवेशापूर्वी अमुक तारखेस द्यावयाचे, हेही उभयपक्षी ठरले. तारीख उजाडली, भाडेकरूचे सामान निघाले. रक्कम मात्र आली नाही. ‘राहावयास तर येऊ द्या, पुढल्या आठवड्यात नक्की देतो’ एवढा निरोप आला. अशा वेळी सज्जन माणसाने काय करावे? प्रश्न वरकरणी व्यवहाराचा दिसतो. आमच्या मते तो नीतीचा आहे.

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपणां मंडळींस तो विशेष जाणवतो, कारण या व्यवहाराच्या दोन्ही बाजू आपल्या वाट्यास येतात. पुण्यास वा नागपुरास बांधलेल्या घराचे आपण मालक, आणि दिल्लीस वा भोपाळास दुसऱ्याच्या घरातले भाडेकरू. बदली झाल्यावर जुन्या कचेरीतून अंतिम वेतन प्रमाणपत्र येईपर्यंत नव्या कचेरीत पगार निघत नाही, हा अनुभव आपल्यापैकी कित्येकांच्या गाठी आहे. त्यामुळे समोरच्याची अडचण आपणांस खोटी वाटत नाही, आणि तेथेच मन कचरते.

प्रथम कायद्याचे म्हणणे पाहू. कराराने बांधलेल्या दोन वचनांपैकी ज्याचे वचन आधी पुरे व्हावयाचे तोच चुकला, तर त्यास दुसऱ्याकडून वचनपूर्ती मागता येत नाही, हे तत्त्व १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे. म्हणजे किल्ली आपल्या हाती आहे तोवर नकार देण्याचा अधिकार शाबूत आहे. किल्ली दिली की चित्र पालटते. घरात राहू लागलेल्या मनुष्यास कायदेशीर मार्ग सोडून बाहेर काढले, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यान्वये तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळविण्यासाठी दावा लावू शकतो. शिवाय १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी व नोंदलेला हवा. तो नसेल तर, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. परगावी बसून तारखांना हजर राहणे किती कठीण, हे रजेचा अर्ज लिहिणाऱ्यांस सांगावयास नको.

हा समतोल आजचाच नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, मनाई केली असताही घरात राहणाऱ्या भाडेकरूस जो बारा पणांचा दंड सांगितला आहे, तोच दंड भाडे दिलेल्या भाडेकरूस निष्कारण बाहेर काढणाऱ्या मालकासही आहे. आश्रय आणि मोबदला ही परस्परांवर उभी आहेत, आणि कोणत्याही एका बाजूने मोडणाऱ्यास दोष सारखाच, हा त्यातील विचार आम्हांस मोलाचा वाटतो.

परंतु अधिकार आहे म्हणून तो वापरावाच असे नीती म्हणत नाही. दारी आलेल्या कुटुंबावर, जून महिन्याच्या तोंडाशी, मुलांच्या शाळा उघडण्याच्या वेळी दार लावणे ही निष्ठुरता नव्हे काय? येथे दया आणि भीड यांतील भेद पाहिला पाहिजे. दोघींचे हात सारखेच पुढे होतात, पण मन निराळे असते. दया देते ती समजून उमजून. भीड देते ती ‘नाही’ म्हणवत नाही म्हणून. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नव्हे. भिडेपोटी दिलेले पुढे मनात सलते, त्याची तक्रार होते, आणि शेवटी ज्याच्यावर उपकार केला त्याचाच आपण द्वेष करू लागतो.

यासाठी एक कसोटी आम्ही सुचवितो. ही रक्कम कधीच आली नाही, तरी ‘आपण योग्य तेच केले’ असे कडवटपणा न येता म्हणता येईल काय? म्हणता येत असेल तर ती दया आहे. खुशाल किल्ली द्यावी, मात्र सवलत कोणती व किती दिवसांची, हे करारात लिहून द्यावी. म्हणता येत नसेल तर ती भीड आहे. किल्ली देऊ नये. या कसोटीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. त्या भाड्यावर कर्जाचा हप्ता किंवा गावाकडील वृद्ध आईचा औषधोपचार अवलंबून असेल, तर आपण उदार होतो ते दुसऱ्याच्या पैशाने. आणि एक तिसरा माणूस नेहमी विसरला जातो: याच्या शब्दावर विसंबून ज्यास आपण परत पाठविले, तो रक्कम घेऊन तयार असलेला भाडेकरू.

नकार देतानाही काही कर्तव्ये उरतात. मुदत एकदा, निश्चित तारखेने आणि लेखी वाढवून द्यावी. त्या तारखेपर्यंत घर दुसऱ्यास देऊ नये. कारण शब्द त्याने मोडला म्हणून आपला शब्द सैल होत नाही. तारीख टळली तर व्यवहार संपल्याचे स्पष्ट कळवावे, दलालाकरवी नव्हे. विसार घेतला असेल तर खरोखर झालेले नुकसान वजा करून बाकी परत करावी. अडचणीतल्या माणसाचा विसार गिळणे हा न्याय नव्हे. चारचौघांत त्याची नालस्ती करू नये.

रक्कम न देता प्रवेश मागणारा प्रत्येकजण लबाड नसतो. पुष्कळदा तो केवळ आपल्या आशेलाच रोख रक्कम समजत असतो. त्याचा तो समज पुढे चालू ठेवण्यास हातभार लावणे ही मैत्री नाही. ‘आज जमत नसेल तर आज येऊ नका’ हे वेळेवर, सौम्यपणे सांगितले, तर त्याला आपल्या ऐपतीचे घर शोधण्यास अवधी मिळतो. सहा महिन्यांनी न्यायालयात भेटण्यापेक्षा हे सांगणे दोघांच्याही हिताचे आहे, आणि उद्या परक्या गावी आपण भाडेकरू म्हणून दुसऱ्याच्या दाराशी उभे राहू, तेव्हा त्या मालकाकडूनही आपण याहून अधिक किंवा कमी मागू नये.