पश्चात्ताप आणि अपराधाचे ओझे

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला व सुमारे पाच वर्षे चालला. मंदिराच्या बंद दारामागे एक शिकवण उभी होती : तुमचा हीन जन्म हे तुमच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ होय. न केलेल्या गुन्ह्याचा अपराध मनावर लादला की माणसाला वेगळी बेडी घालावी लागत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा करून बाबासाहेबांनी हे ओझे झुगारले.

परंतु ते आपल्या मनातून उतरले काय? धम्मदीक्षेनंतर अनेक घरांनी देवांचे टाक नदीत सोडले. तरीही मूल आजारी पडले की कोणी वडीलधारे म्हणते, “देव सोडले म्हणून हे झाले.” आई गुपचूप नवस बोलते. मग बौद्ध असून नवस बोलले, या विचाराने ती खजील होते आणि विहारात येणेच टाळते. एका ओझ्याची दोन ओझी होतात.

भगवान बुद्धांनी चित्ताच्या पाच नीवरणांत उद्धच्च-कुक्कुच्च, म्हणजे अस्वस्थता व मनाची टोचणी, गणली आहे. सामञ्ञफलसुत्तात तिला गुलामगिरीची उपमा दिली आहे. गुलामगिरी म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगायला नको.

मग चुकीची लाज वाटू नये काय? अवश्य वाटावी. पाप करण्याची लाज व त्याच्या परिणामांचे भय, म्हणजे हिरी-ओत्तप्प, हा तर धम्माचा आधार आहे. पण त्या लाजेचे काम पुढचे पाऊल सावरण्याचे आहे. संखधमसुत्तात भगवंत सांगतात की, झालेले कृत्य वाईट होते हे ओळखावे. मात्र खंत केल्याने ते न केलेले होत नाही, म्हणून ते सोडावे व पुढे त्यापासून दूर राहावे. पितृहत्या करणाऱ्या अजातशत्रूलाही त्यांनी हेच सांगितले : दोष दोष म्हणून पाहणे, त्याचे निराकरण करणे व पुढे संयम पाळणे, हीच वाढ होय. त्या कृत्याचा परिणाम मात्र त्याला चुकला नाही.

दारू पिऊन बायकोवर हात उचलणारा सकाळी रडतो व संध्याकाळी पुन्हा पितो. त्याचे रडणे ही पळवाट आहे. त्याने तिची क्षमा मागावी, दारू सोडावी. नवस बोललेल्या आईने मुलाला दवाखान्यात न्यावे आणि निःशंकपणे विहारात यावे. आपण शीलांना सिक्खापद म्हणतो, म्हणजे शिक्षणाचे पाठ. पाठ चुकला तर विद्यार्थी तो पुन्हा गिरवतो. शाळा सोडत नाही.