वारा कोणाच्या खात्यात?

माणसानं फुकट मिळणाऱ्या वस्तूंची यादी केली तेव्हा तिच्यात उपदेश आणि वारा ही दोन नावं नक्की असणार. त्यातला उपदेश सल्लागार मंडळींनी केव्हाच महाग करून टाकला. उरला वारा. आता त्यालाही भाव आला आहे.

आमच्या वर्ध्याला या धंद्यात फारसा वाव नाही. पवनचक्कीचा हिशेब मोठा कडक असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते आणि निम्मा झाला तर अष्टमांशच उरते. मे महिन्यात पारा 45 ओलांडतो तेव्हा आमच्याकडे जे वाहतं त्याला वारा म्हणणं म्हणजे माझ्या बचत खात्यातल्या शिलकीला संपत्ती म्हणणं! म्हणून चक्क्या गेल्या साताऱ्याच्या पठारांवर, वनकुसवड्याला आणि चाळकेवाडीला. धुळ्याकडे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला.

पुढे 2003 च्या सुमारास सातारा-सांगलीचा पूर्वभाग दुष्काळानं होरपळला आणि ओरड सुरू झाली, की चक्क्या ढग पळवतात. शिकलीसवरलेली मंडळी पोट धरून हसली. आता तुम्हीच सांगा, टेबलफॅन लावून मालगाडी मागं ढकलता येते का? पात्यांची पोच जेमतेम शंभरेक मीटर. पावसाचे ढग कित्येक किलोमीटर उंच वाढतात. शिवाय तिथला दुष्काळ सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा, म्हणजे चक्क्यांहून कितीतरी जुना.

पण मी पडलो बँकेतला कारकून. एकदा देवळीकडचे एक आजोबा काउंटरवर येऊन म्हणाले, "साहेब, तुमच्या कम्प्युटरनं माह्ये पैसे खाल्ले." कम्प्युटर पैसे खात नाही, हे त्यांना शास्त्रशुद्ध समजावून सांगता आलं असतं. पण खातं उघडलं तर कसल्याशा शुल्कापोटी रक्कम खरोखरच गेली होती आणि आजोबांना कुणी विचारलंही नव्हतं. कारण चुकलं होतं. वजाबाकी बरोबर होती.

चक्क्यांच्या गावांचंही तसंच असावं. ढग कुणी नेले नाहीत, पण दुसरं पुष्कळ काही गेलं. ती अजस्र पाती चढवायला डोंगर कापून रस्ते काढावे लागतात. भीमाशंकरच्या जंगलालगत असे रस्ते झाले तेव्हा झाडं गेली, माती-दगड ओढ्यांत उतरले. माधव गाडगीळांच्या समितीनं 2011 च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. साक्रीकडे वर्षानुवर्षं वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचा सवाल साधा होता: आमच्या नावावर जमीन होत नाही, मग चक्कीला कशी मिळते?

बी.कॉम. होऊन माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली. कुठल्याही जमेला कुठंतरी नावे असतंच. पवनचक्कीची वीज स्वच्छ, कोळसा नाही, धूर नाही. ही जमा खरी आहे आणि मोठीही आहे. 'चक्क्या नकोत' म्हणून मोकळं होणं सोपं, पण मग ती नावेची रक्कम फिरून चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राशेजारी राहणाऱ्यांच्या फुप्फुसात जाते. खर्च टळत नाही बुवा, खातेदार बदलतो. प्रश्न इतकाच, की जमा ज्याच्या खात्यात पडली त्यानंच 'नावे किरकोळ आहे' असं प्रमाणपत्र द्यावं का? आमच्या बँकेत तरी स्वतःच्या पावतीवर स्वतःच तपासनीस म्हणून सही चालत नाही.

वर्ध्याहून हाकेच्या अंतरावर पवनारला विनोबा राहत. 1951 साली पोचमपल्लीला भूदान सुरू झालं, त्यामागचा त्यांचा युक्तिवाद फार सरळ होता: हवा, पाणी, ऊन यांवर जशी कुणाची मालकी नाही, तशी जमिनीवरही नसावी. आपण व्यवहारी माणसं. आपण जमीन सोडली नाहीच. उलट हवेलाच जमिनीच्या रांगेत आणून उभं केलं. तिचाही करार होतो, भाडं होतं, हप्ते होतात.

करार करायला माझी हरकत नाही, माझं पोटच करारांवर चालतं. वाऱ्याची सही मिळणार नाही, हेही कबूल. पण तो ज्या गावावरून येतो तिथं सही करणारी माणसं आहेत. त्यांना आधी बसवून जमा आणि नावे, दोन्ही बाजू वाचून दाखवाव्यात. ढगांच्या शंकेलाही न हसता उत्तर द्यावं. रात्री उशीर झाला तरी चालेल. दिव्यांची सोय आता झालीच आहे.